सुकामेव्याचे भाजलेले बार: भुगा होऊ नये आणि दगडही होऊ नये यासाठी

दिवाळीच्या फराळासोबत, किंवा मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला (येळवशीला) शेतात न्यायच्या शिदोरीत, सुकामेव्याचे बार करण्याची हौस आता अनेकांना वाटते. पण ते करताना तीनच तक्रारी फिरून फिरून ऐकू येतात. कापायला सुरी लावली की भुगा होतो. दुसऱ्या दिवशी बार दातांनी तुटत नाही. किंवा बाहेरून खमंग दिसणारा बार मधोमध ओला राहतो आणि चार दिवसांत डब्याला आंबूस वास येऊ लागतो. मी पहिल्यांदा केलेल्या बारांचा भुगाच झाला होता आणि त्याचे कारण समजायला मला आणखी दोन खेपा लागल्या.

कारण बहुधा असे असते की आपण हा पदार्थ नवा असूनही आपल्या जुन्या सवयींनी करतो. चिक्कीची सवय असल्यामुळे गुळाचा पाक पुढे नेतो, लाडवाची सवय असल्यामुळे मिश्रण हाताने नुसते गोळा करून सोडतो आणि नानकटाईची सवय असल्यामुळे आच जास्त ठेवतो. बारात या तिन्ही गोष्टी उलट कराव्या लागतात: पाक कच्चा राखायचा, मिश्रण दाबून दाबून बसवायचे आणि आच मंद ठेवायची. पुढे दिलेला क्रम पाळला तर बार पहिल्याच खेपेला नीट कापले जातात.

साहित्य आणि वजन

हे माप २० सेंटिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनी ट्रेसाठी आहे. त्यात १६ बार होतात.

बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, काळे मनुके ६० ग्रॅम, सुके अंजीर ५० ग्रॅम. बदाम ६० ग्रॅम, काजू ५० ग्रॅम, शेंगदाणे ६० ग्रॅम, भोपळ्याच्या बिया ३० ग्रॅम, तीळ २० ग्रॅम. जाड ओट्स १०० ग्रॅम, ज्वारीचे पीठ ६० ग्रॅम. साधा गूळ ९० ग्रॅम, साजूक तूप ५० ग्रॅम. पाव चमचा मीठ, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा वेलची पूड, थोडे जायफळ आणि एका मोसंबीची किसलेली साल.

सगळे वजनावर घ्यावे. वाटी घरागणिक बदलते, आणि खजूर वाटीत कधी सैल भरतो, कधी दाबून बसतो. त्यामुळे वाटीने मोजलेल्या खजुरात सहज ५० ग्रॅमचा फरक पडतो आणि तेवढ्याने बार तुटतो. घरी काटा नसेल तर किराणा दुकानातच प्रत्येक जिन्नस नेमका तोलून वेगळ्या पुडीत बांधून घ्यावा.

जिन्नस निवडताना चार गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट गुळाची. चिक्कीचा गूळ म्हणून जो वेगळा गूळ मिळतो तो येथे अजिबात घेऊ नये, कारण तो थंड झाल्यावर काचेसारखा कडक होतो. साधा, नखाने खरवडला जाणारा गूळ घ्यावा. उसाचा हंगाम सुरू होताना गुऱ्हाळावरून आणलेला नवा गूळ चवीला उत्तम असतो, पण त्यात पाणी जास्त असते. तो वापरायचा असेल तर पुढे पाकासाठी सांगितलेल्या तीन चमचे पाण्याऐवजी दोनच चमचे घ्यावे.

दुसरी गोष्ट ज्वारीच्या पिठाची. गव्हाच्या पिठात मळल्यावर जो चिवटपणा येतो तो ज्वारीत नसतो. भाकरी करणाऱ्यांना ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे भाकरी थापण्यापुरता चिकटपणा, ठाऊक असते, आणि विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते हेही ठाऊक असते. येथे आपण पीठ भाजूनच घेणार असल्यामुळे विरीची अपेक्षा नाही. बार बांधण्याचे काम खजूर करतो. पीठ ताजे घ्यायचे ते चवीसाठी, कारण महिनाभर पडून राहिलेले पीठ भाजल्यावर कडवट लागते. ‘पौष्टिक होईल’ म्हणून ज्वारीचे पीठ १०० ग्रॅमपर्यंत वाढवू नये. तसे केल्यास बार नक्की भुरभुरतो.

तिसरी गोष्ट खवटपणाची. शेंगदाणे, काजू आणि बिया प्रत्येक पुडीतून एकेक चावून पाहाव्यात. खवट वास भाजल्याने जात नाही, उलट वाढतो. मराठवाड्यात हिवाळ्याच्या लाडवांत गोडंबी (बिब्याच्या आतला गर) घालतात आणि ती बारातही छान लागते. मात्र ती दुकानातून फोडून साफ केलेलीच घ्यावी. बिब्याच्या कवचातले तेल कातडीला लागले की फोड येतात, त्यामुळे घरी बिबे फोडायच्या फंदात पडू नये.

चौथी गोष्ट मोसंबीची. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; ती हाताशी असेल तर तिची साल जरूर घालावी, कारण खजूर आणि गूळ यांचा जड गोडवा तिने मोकळा होतो. फळ कोमट पाण्यात चोळून धुवावे, कोरडे करावे आणि किसणीवर फक्त वरचा रंगीत पापुद्रा उतरवावा. पांढरा भाग किसला गेला तर कडूपणा उतरतो.

टप्पा १: खजूर आणि फळे

सगळ्यात आधी खजूर भिजत घालावा, म्हणजे तो भिजेपर्यंत भाजण्याची कामे होतात. खजुराची प्रत्येक बी काढली आहे ना हे बोटाने चाचपून पाहावे, कारण ‘बिया काढलेला’ असे लिहिलेल्या पाकिटातही एखादी बी राहते आणि मिक्सरचे पाते बिघडवते. खजुरावर तो जेमतेम बुडेल एवढेच कडक पाणी घालून १५ मिनिटे झाकून ठेवावे. नंतर चाळणीत काढून पाच मिनिटे निथळू द्यावे, हाताने हलके दाबावे आणि पाणी न घालता मिक्सरला फिरवावे. मिक्सर अडकला तर भांडे उघडून चमच्याने मिश्रण खाली ढकलावे; फार तर एक चमचा पाणी घालावे. भिजवलेले सगळेच पाणी ‘वाया जाऊ नये’ म्हणून ओतणे ही मधोमध ओल्या राहणाऱ्या बारांची पहिली सुरुवात असते. ते पाणी दुधात घालून पिऊन टाकावे.

मनुके आणि अंजीर भिजवू नयेत. मनुके ओल्या फडक्याने पुसून देठ काढावेत. अंजिराचे हरभऱ्याएवढे तुकडे करावेत आणि सुरीला तूप लावून घ्यावे, म्हणजे ते चिकटत नाही. दोन्ही फळांवर साहित्यातल्या ज्वारीच्या पिठातले एक चमचा पीठ भुरभुरून हाताने चोळावे. यामुळे तुकडे सुटे राहतात आणि एकाच कोपऱ्यात गोळा होत नाहीत.

टप्पा २: भाजणे, प्रत्येक जिन्नस वेगळा

सगळा सुकामेवा एकाच कढईत टाकून भाजला तर तीळ करपतात आणि बदाम आतून कच्चे राहतात. क्रम असा ठेवावा: आधी शेंगदाणे, मग बदाम, मग काजू, मग बिया, शेवटी तीळ.

शेंगदाणे मंद आचेवर साल सुटेपर्यंत भाजावेत, फडक्यात चोळून साल पाखडून टाकावी आणि दाणे अर्धे करावेत. बदामाला सहा ते सात मिनिटे लागतात. एक बदाम तोडून पाहिला की आतला पांढरा रंग किंचित सायीसारखा पिवळसर झालेला दिसला पाहिजे. काजू तीन-चार मिनिटांत रंग धरतो. बिया तडतडू लागल्या की उतरवाव्यात. तीळ फुलून उड्या मारू लागले की लगेच ताटात ओतावेत, कारण कढईच्या उष्णतेनेही ते पुढे जातात. कशालाच गडद रंग येऊ देऊ नये. हे सगळे नंतर पुन्हा अर्धा तास ओव्हनमध्ये भाजले जाणार आहे.

त्याच कढईत ओट्स चार मिनिटे आणि नंतर ज्वारीचे पीठ सहा-सात मिनिटे मंद आचेवर परतावे. पिठाचा कच्चा वास जाऊन भाजणीसारखा वास आला की ते तयार झाले.

बदाम आणि काजू थंड झाल्यावर सुरीने जाडसर कापावेत. मिक्सरला लावू नयेत: मिक्सरमध्ये निम्म्याची पूड होते, ती पूड ओलावा शोषते आणि उरलेले मोठे तुकडे मिश्रणातून निखळतात. वाटाण्याएवढा तुकडा योग्य. अख्खा बदाम जिथे असेल तिथेच बार तडकतो, कारण सुरी त्याला कापत नाही, ढकलते.

तपासणी: पुढच्या टप्प्याला जाण्याआधी सगळे भाजलेले जिन्नस हाताला गार लागले पाहिजेत. गरम जिन्नस झाकून ठेवले तर वाफ धरते आणि केलेले भाजणे फुकट जाते.

टप्पा ३: ट्रे आणि ओव्हन आधी तयार ठेवणे

पाक झाल्यावर ट्रे शोधत बसायला वेळ मिळत नाही, म्हणून हे काम आताच करावे. ट्रेच्या दोन समोरासमोरच्या कडांवरून चार-चार बोटे बाहेर लोंबेल असा बेकिंगचा कागद घालावा. त्याच कडा धरून नंतर अख्खी लादी उचलायची आहे. मेणाचा कागद किंवा वर्तमानपत्र वापरू नये. मेण वितळते आणि छपाईची शाई खाण्यात उतरते. कागद मिळाला नाही तर तूप लावलेला ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा (फॉइल) चालतो.

ओव्हन १६० अंश सेल्सिअसवर, वरची आणि खालची दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटे आधी तापत ठेवावा. आत पंखा चालू असेल तर १५० अंश पुरे. नानकटाईच्या हिशेबाने १८० अंश ठेवले तर गुळाच्या कडा १५ मिनिटांत काळवंडतात आणि मधला भाग ओलाच राहतो; गूळ आणि खजूर दोन्ही लवकर करपणारे आहेत.

एक व्यावहारिक गोष्ट. रब्बीच्या दिवसांत शेतीपंप चालू असले की खेड्यात आणि लहान गावांत घरातल्या विजेचा दाब खाली येतो. त्या वेळी ओव्हनचा काटा १६० दाखवतो, पण आत तेवढी उष्णता नसते. आपल्याकडे वीज कोणत्या वेळी स्थिर असते ते आपल्याला माहीत असते. तीच वेळ भाजण्यासाठी धरावी. ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक मिळतो, तो घेतल्याने अंदाजाचे काम उरत नाही.

टप्पा ४: गूळ आणि खजूर शिजवणे

सगळ्या कृतीत जास्तीत जास्त चुका येथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचावा.

जाड बुडाच्या कढईत किसलेला गूळ आणि तीन चमचे पाणी घालून मंद आचेवर गूळ फक्त विरघळू द्यावा. विरघळताच तो बारीक गाळणीतून गाळावा. गुळात खडा किंवा उसाचा चोथा असतोच. कढई पुसून गाळलेला गूळ पुन्हा आत ओतावा, तूप घालावे आणि मध्यम आचेवर उकळी आणावी. सुरुवातीला मोठे, पातळ, पटकन फुटणारे बुडबुडे येतात. मग फेस वर येतो आणि बुडबुडे लहान व दाट होऊ लागतात. फेस आल्यापासून दोन मिनिटे मोजावीत आणि थांबावे. पाण्यात थेंब टाकून गोळी होते का हे पाहत बसू नये, कारण गोळी होईपर्यंत पाक आपल्याला हवा त्यापेक्षा पुढे गेलेला असतो.

आता आच मंद करून खजुराचे वाटण घालावे आणि उलथन्याने सतत परतावे. पहिल्या मिनिटात गूळ आणि खजूर वेगवेगळे दिसतात, तूप कडेला तरंगते, आणि काहीतरी बिघडले असे वाटते. बिघडलेले नसते, परतत राहावे. तीन-चार मिनिटांत सगळे एकजीव होऊन चकाकी येते, मिश्रण कडेने सुटू लागते आणि उलथने मधून ओढले की कढईचा तळ दोन अंक मोजेपर्यंत दिसतो आणि मगच मिश्रण पुन्हा मिळते. तेवढे झाले की आच बंद करावी. तळ लगेच झाकला जात असेल तर अजून पाणी आहे. मिश्रण गोळा होऊन उलथन्याबरोबर फिरू लागले तर जास्त आटले आहे, तेव्हा एक चमचा गरम पाणी घालून सैल करावे.

सावधान: उकळता गूळ कातडीला चिकटतो आणि भाजणे खोल जाते. लहान मुलांना या वेळी ओट्याजवळ येऊ देऊ नये आणि चव बोटाने पाहू नये.

खाण्याचा सोडा घालू नये. चिक्कीत तो पाक हलका करतो, पण बारात तो पोकळ्या करतो आणि कापताना त्या पोकळ्यांतूनच तुकडा पडतो.

टप्पा ५: कालवणे

मोठ्या परातीत ओट्स, ज्वारीचे पीठ, मीठ, सुंठ, वेलची, जायफळ आणि मोसंबीची साल आधी कोरडेच कालवावे. त्यात सुकामेवा आणि बिया, मग पिठात घोळलेली फळे घालावीत. शेवटी गरम खजूर-गूळ ओतून आधी उलथन्याने आणि हाताला सोसेल इतके झाल्यावर तूप लावलेल्या हाताने, खालून वर, कणीक सैल करावी तसे कालवावे. कोरडे पीठ परातीच्या तळाशी राहू देऊ नये.

कालवल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवावे. या वेळात ओट्स आणि पीठ आतला ओलावा ओढून घेतात. ही दहा मिनिटे वगळली की बार भाजताना कोरडे पडतात आणि मागाहून भुरभुरतात. मात्र त्याहून जास्त वेळही ठेवू नये: परभणीकडे डिसेंबरच्या थंडीत तूप बघता बघता थिजते आणि मग मिश्रण ट्रेमध्ये बसत नाही.

तपासणी: मूठभर मिश्रण घट्ट आवळून मूठ उघडावी. बोटांचे ठसे उमटलेला गोळा तसाच राहिला आणि अंगठ्याने दाबल्यावर दोन-तीन मोठ्या तुकड्यांत फुटला तर योग्य. वाळूसारखा सुटला तर एक चमचा कोमट तूप आणि दोन खजुरांचे वाटण घालावे. बोटांना चिकटून लोंबला तर दोन चमचे भाजलेले ओट्स घालून आणखी पाच मिनिटे थांबावे.

टप्पा ६: दाबून बसवणे

मिश्रण ट्रेमध्ये ओतून आधी चारही कोपरे भरावेत, मग मध्य. नंतर सपाट बुडाच्या वाटीला तूप लावून, कडेकडून मध्याकडे, अंगाचा भार देऊन दाबत जावे. हलक्या हाताने थापटणे पुरेसे नाही. एक फेरी झाली की ट्रे वळवून दुसरी, आणि तिसरी. जाडी सर्वत्र दोन सेंटिमीटरच्या आसपास हवी. जिथे पातळ राहील तिथे करपेल, जिथे जाड राहील तिथे कच्चे राहील. शेवटी ट्रे तिरका धरावा. मिश्रण एकसंध लादीसारखे राहिले पाहिजे, एकही दाणा घरंगळता कामा नये.

टप्पा ७: भाजणे

ट्रे मधल्या खणात ठेवून २८ ते ३२ मिनिटे भाजावे. २० मिनिटांनी ट्रे एकदा फिरवावा, कारण लहान ओव्हनची मागची बाजू जास्त तापते. वरचा रंग लवकर गडद होऊ लागला तर वर पत्रा सैल झाकावा. त्याआधी दार उघडू नये.

झाले हे ओळखण्याच्या खुणा तीन: कडा ट्रेपासून केसभर सुटलेल्या असतात, वरची ओली चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसतो, आणि मध्ये बोटाने दाबल्यास मऊ लागते पण बोट ओले होत नाही. गरम असताना बार मऊच लागणार. तो कडक व्हावा म्हणून आणखी दहा मिनिटे ठेवणे ही दगड होण्याची दुसरी वाट आहे. तीळ भाजल्याचा वास येत असेल तर वेळ योग्य आहे. गुळाचा कडसर वास येऊ लागला तर ट्रे तत्काळ बाहेर काढावा.

मध्येच वीज गेली तर दार बंदच ठेवावे. आतल्या उष्णतेवर १० ते १५ मिनिटे काम चालू राहते. वीज आल्यावर उरलेला वेळ खुणा पाहून पुरा करावा.

ओव्हन नसल्यास. जाड लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत दोन सेंटिमीटर जाडीचा मिठाचा थर घालून त्यावर लोखंडी कडे ठेवावे, घट्ट झाकण लावून मध्यम आचेवर १२ मिनिटे तापवावे. मग १६ सेंटिमीटर व्यासाच्या गोल डब्यात निम्म्या मापाचे मिश्रण दाबून तो कड्यावर ठेवावा आणि आच अगदी मंद करून ३५ ते ४० मिनिटे भाजावे. वरून रंग कमी येतो, त्याने बिघडत नाही. झाकणाच्या आतून पाण्याचे थेंब धरत असतील तर ते एकदा पुसावे. नॉनस्टिक कढई यासाठी वापरू नये, आणि कुकर वापरायचा असेल तर शिट्टी व रबर दोन्ही काढून.

बेकरीच्या भट्टीत. दिवाळीत नानकटाईचे ट्रे बेकरीत भाजून आणायची पद्धत आहेच. तिथे बार द्यायचे असतील तर पहिल्या कडक आचेत देऊ नयेत. भट्टीतली नानकटाई, पाव निघाल्यावर उतरत्या आचेत ठेवायला सांगावे आणि शक्य असल्यास जवळ उभे राहावे, कारण कारागिराच्या सरावातला वेळ नानकटाईचा असतो.

टप्पा ८: थंड करणे आणि कापणे

ट्रे बाहेर काढताच वाटीने पुन्हा एकदा, हलकेच, दाबून घ्यावे. मग ३० मिनिटे हात लावू नये. नंतर कागदाच्या कडा धरून लादी उचलून जाळीवर ठेवावी आणि पूर्ण गार होऊ द्यावी. याला दोन तास लागतात. खालून हवा लागत नसेल तर तळाला वाफ धरते, म्हणून ताटात ठेवू नये. गार झाल्यावर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यास काप आणखी स्वच्छ येतो.

घरात पाहुणे असले की कोणीतरी ‘एक तुकडा चाखायला’ मागतेच. गरम लादीतून तो तुकडा काढला की तिथून पुढची तड सगळीकडे जाते. चाखण्यासाठी थोडे मिश्रण वेगळ्या वाटीत भाजून ठेवावे, म्हणजे कोणाला नाही म्हणावे लागत नाही.

कापताना लांब, धारदार सुरी घ्यावी आणि ती मागेपुढे न ओढता सरळ खाली दाबावी. आधी लादीचे मधोमध दोन भाग, मग प्रत्येकाचे आठ. दर दोन कापांनंतर पाते गरम पाण्यात बुडवून कोरडे पुसावे.

बिघडले असेल तर

बार भुरभुरले असतील तर मिश्रणात थोडे खजुराचे वाटण आणि कोमट तूप घालून लाडू वळावेत. मधून ओले राहिले असतील तर कापलेले बार आडवे ठेवून १४० अंशांवर दोन्ही बाजूंनी आठ-आठ मिनिटे भाजावेत. पाक पुढे जाऊन कडक झाले असतील तर ते पुन्हा मऊ करण्याच्या खटपटीत पडू नये. जाडसर कुटून गरम दुधात किंवा शिऱ्यात घालावेत.

साठवणे आणि वाटणे

बार पूर्ण गार झाल्यावरच, थरांमध्ये कागद घालून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरावेत. तासाभराने झाकण उघडून आतून हात फिरवावा; ओल लागली तर बार गरम असतानाच भरले गेले आहेत, तेव्हा ते काढून पुन्हा जाळीवर पसरावेत. आपल्याकडच्या कोरड्या थंडीत ते दहा दिवस चांगले राहतात, पण डबा उघडा राहिला तर तीच कोरडी हवा त्यांना कडक करते.

शेजारी, नातेवाइकांना देताना आत काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहावे. शेंगदाणे, काजू आणि तीळ काहींना सोसत नाहीत आणि त्याची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सुकामेवा अगदी बारीक करून वेगळा छोटा ट्रे करावा. आणि साखर नाही म्हणून मधुमेह असलेल्यांना आग्रह करू नये, कारण गूळ आणि खजूर दोन्ही रक्तातली साखर वाढवतातच.

येळवशीला शेतात नेताना प्रत्येक बार वेगळ्या कागदात गुंडाळावा आणि डबा भज्जी (त्या दिवशीची मिश्र भाजी), आंबिलाच्या भांड्यांपासून दूर, सावलीत ठेवावा. गरम भज्जीच्या पातेल्याला टेकलेल्या डब्यातले तूप सुटते आणि बार एकमेकांना चिकटतात.